पोलिसांच्या मारहाणीचा व्हिडिओ काढणे हा गुन्हा आहे का? मोबाईल हिसकावून व्हिडिओ पुसला असेल तर काय करावे?

सुनेत्रा, बडोदे (प्रश्न)

येथे वकिली करणारी आणि सरकारी सेवेतून निवृत्त झालेली बरीच जाणकार मंडळी आहेत, म्हणून एक प्रसंग मांडून मार्गदर्शन मागत आहे. गणेशोत्सवाच्या बंदोबस्ताच्या दिवसांत माझा भाचा रात्री अभ्यासिकेतून घरी येत होता. रस्त्याच्या कडेला एक पोलीस कर्मचारी फळांच्या लारीवाल्याला लारी (हातगाडी) हटवायला सांगत होता. लारीवाल्याने लारी ढकलायला सुरुवात केली होती, तरीही त्या कर्मचाऱ्याने त्याच्या पाठीवर आणि पोटऱ्यांवर काठीचे फटके मारले. भाचा रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर होता आणि त्याने तेथूनच मोबाईलवर व्हिडिओ काढला. तो पुढे गेला नाही, कोणाला काही बोललाही नाही. थोड्या वेळाने दुसरा कर्मचारी रस्ता ओलांडून आला. त्याने मोबाईल हातातून घेतला, मुलाला लॉक उघडायला लावले, व्हिडिओ पुसून टाकला आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा लावला तर पासपोर्टही मिळणार नाही, असे बजावून मोबाईल परत दिला. कोणत्याही कागदावर काही लिहिले गेले नाही.

पोलीस ठाण्याचे आणि भागाचे नाव मी लिहीत नाही, कारण मला येथे कोणावर आरोप करायचा नसून कायदा समजून घ्यायचा आहे. सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांचे काम चित्रित करण्याचा नागरिकाला अधिकार आहे का? अडथळ्याचा गुन्हा अशा वेळी खरोखर लागू शकतो का? मोबाईल घेण्याची आणि त्यातील काही पुसण्याची मुभा पोलिसांना कोणत्या कायद्याने मिळते? आणि लारी हटवण्यासाठी काठी चालवता येते का? भाच्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, म्हणतात की मुलाला पुढे परदेशी शिकायला जायचे आहे, तेव्हा हा विषय येथेच सोडावा. मला तसे वाटत नाही. तो लारीवाला रोज त्याच रस्त्यावर उभा राहतो आणि भीतीमुळे काही बोलत नाही, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

दिवाळीपुरा वकील

सुनेत्राताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, परंतु त्यामागची कायदेशीर मांडणी समजून घेतली तरच त्या होकाराचा उपयोग होईल. ‘नागरिकांना पोलिसांचे चित्रण करता येईल’ असे शब्द असलेले देशव्यापी कलम आपल्याकडे नाही. हा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यातून येतो, आणि त्या स्वातंत्र्यात माहिती मिळवण्याचा अधिकार अंतर्भूत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मान्य केले आहे. सरकारी कर्मचारी सार्वजनिकरीत्या जे काही करतात ते जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे, ही भूमिका न्यायालयाने १९७५ मध्ये राज नारायण खटल्यात घेतली होती. केरळने मात्र एक पाऊल पुढे टाकले. तेथील २०११ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३३ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की, पोलिसांच्या कारवाईचे कायदेशीर मार्गाने केलेले दृश्य किंवा ध्वनिमुद्रण करण्यापासून कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने नागरिकाला रोखू नये. गुजरातमध्ये अशी तरतूद असती तर आपल्या भाच्यावर ही वेळ कदाचित आली नसती, आणि माझ्या मते प्रत्येक राज्याच्या पोलीस कायद्यात ती असली पाहिजे.

आता अडथळ्याच्या गुन्ह्याविषयी. भारतीय न्याय संहितेचे कलम २२१ म्हणजे पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम १८६. लोकसेवकाला त्याचे सार्वजनिक कर्तव्य पार पाडताना स्वेच्छेने अडथळा आणणाऱ्यास ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे ते सांगते. रस्त्याच्या पलीकडून, एक शब्दही न बोलता केलेल्या चित्रणाने कोणते काम अडले, याचे उत्तर फिर्याद देणाऱ्यालाच द्यावे लागेल. शिवाय एक महत्त्वाचा मुद्दा सामान्य माणसाला ठाऊक नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम २१५ नुसार या गुन्ह्याची दखल न्यायालय तेव्हाच घेऊ शकते, जेव्हा संबंधित लोकसेवक किंवा त्याचा वरिष्ठ स्वतः लेखी तक्रार करतो. तोंडी दिलेल्या धमकीला त्यामुळे फारसे बळ उरत नाही. न्याय संहितेचे कलम १३२, म्हणजे दंड संहितेचे जुने ३५३, लागू होण्यासाठी लोकसेवकावर हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर व्हावा लागतो, आणि आपल्या वर्णनात त्याचा मागमूसही नाही.

काही ठिकाणी शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ याचाही बडगा दाखवला जातो. वर्धा येथील एका प्रकरणात पोलीस ठाण्यात चित्रण केल्याबद्दल या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला आणि पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील ‘निषिद्ध ठिकाण’ या व्याख्येत बसत नाही, असे स्पष्ट केले. ठाण्याच्या आतील चित्रणाला जो कायदा लागू होत नाही, तो भर रस्त्यावरच्या चित्रणाला लावण्याचा प्रश्नच येत नाही.

मोबाईलबाबत माझे मत अधिक कठोर आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस एखादी वस्तू जप्त करू शकतात, परंतु ती चोरीची असल्याचा किंवा एखाद्या गुन्ह्याशी संबंधित असल्याचा संशय असावा लागतो, आणि जप्तीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. जप्ती म्हणजे पंचनामा आणि नोंद. हातातून मोबाईल घेऊन त्यातील मजकूर पुसणे हे कायद्याच्या भाषेत जप्ती ठरतच नाही. उलट, पुरावा म्हणून सादर होऊ शकणारा इलेक्ट्रॉनिक अभिलेख तो सादर होऊ नये या हेतूने नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा त्या रात्री रस्त्यावर गुन्हा घडला असेलच, तर तो कोणाकडून घडला, हे आपण शांतपणे पाहावे.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण पोलिसांवर बंधनकारक केले आहे आणि त्यासाठी मोबाईलला पसंती दिली आहे. मोबाईलवरचे चित्रण विश्वासार्ह असते, हे संसदेनेच मान्य केले आहे. ते पोलिसाच्या हातात असले की विश्वासार्ह आणि नागरिकाच्या हातात असले की अडथळा, अशी विभागणी कायद्यात कोठेही नाही.

निवृत्त फौजदार

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला आहे. मी खात्यात दीर्घकाळ काम केले असल्याने बळाच्या वापराविषयी चार गोष्टी सांगतो, आणि खात्याची बाजूही मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय चर्चा पुरी होणार नाही.

पोलिसाच्या हातातील काठी शिक्षा देण्यासाठी नसते, हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवसापासून शिकवले जाते. कायद्याने बळाच्या वापराचे प्रसंग ठरवून दिले आहेत. अटक करताना एखादी व्यक्ती बळाने प्रतिकार करत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ खाली आवश्यक ते उपाय योजता येतात, पण त्याच संहितेचे कलम ४६ सांगते की पळून जाणे रोखण्यासाठी लागेल त्याहून अधिक बंधन घालू नये. बेकायदेशीर जमाव असेल तर कलम १४८ खाली कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या अनुपस्थितीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी आधी पांगण्याचा आदेश देतो, आणि तो मानला गेला नाही तरच बळ वापरले जाते. जमाव नियंत्रणात आल्यानंतरही मारत राहणे हा अतिरेक ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अनिता ठाकूर प्रकरणात ठरवून जखमींना भरपाई देवविली होती.

ताईंनी सांगितलेल्या प्रसंगात अटकही नव्हती आणि जमावही नव्हता. रस्त्यात अडथळा निर्माण करणे हा न्याय संहितेच्या कलम २८५ खालील गुन्हा आहे आणि त्याची कमाल शिक्षा ५,००० रुपये दंड एवढीच आहे. ज्या गुन्ह्याला न्यायाधीशही फक्त दंड करू शकतो, त्यासाठी शिपायाने फटके मारावेत, हे कोणत्याही नियमात बसत नाही. त्यातही फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे फेरीवाल्याला जागेवरून उठवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि कलम २७ प्रमाणे प्रमाणपत्राच्या अटी पाळून व्यवसाय करणाऱ्यास पोलिसांसह कोणीही अडवू शकत नाही. त्या लारीवाल्याकडे महानगरपालिकेचे प्रमाणपत्र आहे का, हे जरूर विचारा. मिरवणुकीच्या मार्गावरून तात्पुरते बाजूला व्हायला सांगणे ही वेगळी बाब आहे आणि तो अधिकार पोलिसांना आहेच. ते सांगणे तोंडाने व्हायला हवे, आणि त्यापुढे लागलेच तर कागदाने.

आता खात्याची बाजू. बंदोबस्तात सलग अनेक तास उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडासमोर मोबाईल धरून त्याला प्रश्नांनी डिवचणारे लोकही मी पाहिले आहेत. चित्रण करणाऱ्याने पोलीस आणि संशयित यांच्या मध्ये येऊ नये. मागे सरका असे सांगितले तर सरकावे आणि तेथून चित्रण चालू ठेवावे. कायद्यात अंतराचा आकडा दिलेला नाही, पण आपले शरीर आणि आपला आवाज या दोन्हींमुळे काम थांबणार नाही एवढे अंतर असावे, असे मी माझ्या घरच्या मुलांना सांगतो. नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७२ नव्याने आले आहे, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. गुन्हे प्रतिबंधाच्या कर्तव्यात पोलिसाने दिलेल्या कायदेशीर निर्देशांचे पालन करणे त्याने बंधनकारक केले आहे, आणि न करणाऱ्यास तेथून हटवता किंवा ताब्यात घेता येते. मागे सरकण्याचा निर्देश कायदेशीर आहे. व्हिडिओ पुसून टाकण्याचा निर्देश गुन्हे प्रतिबंधात कसा बसतो, हे मला खात्यात इतकी वर्षे काढूनही सांगता येणार नाही.

थेट प्रक्षेपणाबाबत मात्र मी ठाम विरोधात आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांच्या हालचाली उघड झाल्या आणि त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात वाहिन्यांची कानउघाडणी केली होती. चित्रण करून जवळ ठेवणे आणि कारवाई चालू असतानाच ते जगाला दाखवणे यांत मोठा फरक आहे.

वाडीकर

मला येथे थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. आजकाल अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरवून एखाद्या पोलिसाला राक्षस ठरवले जाते. त्याआधी त्याच्यावर दगड आला होता का, शिवी आली होती का, हे त्या तुकड्यात दिसत नाही. विभागीय चौकशी होईपर्यंत त्या माणसाच्या मुलांना शाळेत तोंड दाखवणे कठीण होते. चित्रणाचा अधिकार मान्य आहे, पण त्याचा गैरवापर रोखायला काही बंधन हवे की नाही?

रावपुरा वाचक

वाडीकर यांची चिंता रास्त आहे, परंतु तिचे उत्तर चित्रण कमी होण्यात नाही, पूर्ण आणि मूळ चित्रण उपलब्ध असण्यात आहे, असे मला वाटते. आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यातील उंढेला गावचे उदाहरण पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवरात्रात गरब्याच्या वेळी दगडफेक झाल्याच्या आरोपावरून पोलिसांनी काही तरुणांना पकडले आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या मध्यभागी खांबाला धरून जमावासमोर काठीने मारले. लोकांनी त्याचे व्हिडिओ काढले आणि ते देशभर पाहिले गेले. अटकेतील व्यक्तींच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिलेल्या निर्देशांचा हा भंग आहे, असे म्हणत पीडितांनी गुजरात उच्च न्यायालयात अवमान याचिका केली.

तेथे पुढे काय झाले, ते आपल्या चर्चेसाठी सर्वांत उपयोगी आहे. याचिकेत अनेक पोलिसांवर आरोप होते. न्यायालयाने व्हिडिओ आणि छायाचित्रे न्यायदंडाधिकाऱ्यांकडून तपासून घेतली, कोणाची नेमकी भूमिका काय होती याचा अहवाल मागवला, आणि त्या आधारे चौघांवरच आरोप निश्चित झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या चौघांना १४ दिवसांच्या साध्या कैदेची शिक्षा सुनावण्यात आली. भरपाई देण्याची तयारी पोलिसांनी दाखवली होती, ती पीडितांनी नाकारली. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील दाखल करून घेताना शिक्षेला स्थगिती दिली, पण लोकांना खांबाला बांधून मारण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला, असा प्रश्न पोलिसांच्या वकिलांना विचारल्यावाचून न्यायमूर्ती राहिले नाहीत. याचा अर्थ असा की त्याच व्हिडिओंमुळे चौघांची जबाबदारी ठरली आणि ज्यांची भूमिका दिसली नाही त्यांच्यावरचे बालंटही टळले. चित्रण नसते तर एक तर सगळे सुटले असते किंवा सगळ्यांवर सारखाच संशय राहिला असता.

मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो वैद्यकीय कारणाने घडलेला प्रसंग असल्यासारखा मांडला होता. फुटपाथवर उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या मुलीने केलेले अखंड चित्रण बाहेर आले नसते, तर ते निवेदनच नोंदींमध्ये कायम राहिले असते. कापलेला तुकडा माणसावर अन्याय करू शकतो, हे वाडीकर यांचे म्हणणे मला मान्यच आहे, आणि म्हणूनच मूळ फाईल पुसणाऱ्याने त्या पोलिसाच्या बचावाचाही पुरावा पुसलेला असतो.

कलाभवन तंत्रज्ञ

कायद्याविषयी मी बोलणार नाही, पण व्हिडिओ गेला असे गृहीत धरू नका. मोबाईलच्या गॅलरीतून पुसलेली फाईल बहुधा लगेच नष्ट होत नाही. गुगल फोटोजमध्ये ‘ट्रॅश’ किंवा ‘बिन’ नावाचा कप्पा असतो. बॅकअप झालेली चित्रफीत तेथे ६० दिवस आणि बॅकअप न झालेली ३० दिवस राहते. आयफोनमध्ये ‘रिसेंटली डिलीटेड’ या नावाने साधारण ३० दिवस ती मिळू शकते. तेथे नसेल तर त्या मोबाईलवर नवे फोटो, व्हिडिओ किंवा ॲप घेऊ नका आणि तो रिसेट तर मुळीच करू नका, कारण पुसलेल्या फाईलच्या जागेवर नवा मजकूर लिहिला गेला की ती परत मिळण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.

व्हिडिओ सापडला तर तो कापू नका, त्यावर नाव किंवा बाण टाकू नका, आवाज बदलू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो आकुंचित होतो आणि मूळ फाईल राहत नाही. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून बंद लिफाफ्यात ठेवा आणि त्या फाईलचा हॅश काढून लिहून ठेवा. हॅश म्हणजे फाईलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला अक्षरांचा आणि अंकांचा संच. फाईलमधला एक बिंदू बदलला तरी तो पूर्णपणे बदलतो, म्हणून फाईलला हात लागलेला नाही हे दाखवायला तो फार उपयोगी पडतो. एसएचए-२५६ या पद्धतीने तो घरच्या संगणकावरही काढता येतो.

दिवाळीपुरा वकील

तंत्रज्ञांच्या म्हणण्याला कायद्याची जोड देतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो आणि दुसरा तज्ज्ञ भरतो, आणि दोन्हींत हॅशची नोंद असते. जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब खालच्या प्रमाणपत्राविषयी जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून उद्भवलेला अर्जुन खोतकर खटला आपल्यापैकी अनेकांना वृत्तपत्रांमुळे आठवत असेल. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले की असे प्रमाणपत्र आवश्यक आहे, मात्र मूळ उपकरणाचा मालक स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून ते उपकरण सादर करत असेल तर त्याची गरज नाही. म्हणून भाच्याने हा मोबाईल विकू नये, बदलून नवा घेऊ नये आणि कोणाला वापरायलाही देऊ नये.

पुरावा केवळ आपल्याच मोबाईलमध्ये आहे असेही नाही. पोलीस ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही असावेत, त्यात आवाजही नोंदला जावा आणि चित्रण १८ महिने, किमान एक वर्ष जपले जावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात दिले आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये तमिळनाडूतील सातानकुलम येथे पिता-पुत्राचा कोठडीतील मारहाणीमुळे मृत्यू झाला होता, आणि ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रण रोजच्या रोज पुसले जाईल अशी व्यवस्था केलेली होती, असे दंडाधिकाऱ्यांना आढळले होते. आपला प्रसंग रस्त्यावरचा आहे, म्हणून तेथील चौकातले सरकारी कॅमेरे आणि दुकानांचे कॅमेरे महत्त्वाचे आहेत. सरकारी कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे असा लेखी अर्ज आजच पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी, आणि त्याच मागणीचा माहिती अधिकाराखालचा अर्जही करावा. दुकानदारांचे कॅमेरे थोड्याच दिवसांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण घेतात, त्यामुळे तेथे विलंब परवडणार नाही.

सुनेत्रा, बडोदे

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. तंत्रज्ञांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले, तेव्हा तो व्हिडिओ ‘ट्रॅश’मध्ये सापडला आणि आवाजासह पूर्ण आहे. फटके मारण्याआधी लारीवाला लारी हलवत होता, हे त्यात स्पष्ट दिसते. आता अडचण अशी आहे की लारीवाला स्वतः तक्रार करायला तयार नाही. त्याने तक्रार केली नाही तर आम्हाला ती करता येते का? एका स्थानिक वार्ताहराने व्हिडिओ मागितला आहे, तो द्यावा का? आणि माझ्या बंधूंची पासपोर्टविषयीची शंका अजून तशीच आहे.

दिवाळीपुरा वकील

फौजदारी कारवाईला कोणीही चालना देऊ शकतो, त्यासाठी तक्रारदार स्वतः पीडित असलाच पाहिजे असे नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये अंतुले प्रकरणात पक्के केले आहे. मानवी हक्क आयोगाकडेही पीडिताच्या वतीने दुसरी व्यक्ती अर्ज करू शकते, फक्त घटनेपासून एक वर्षाच्या आत तो गेला पाहिजे. तरीही लारीवाल्याच्या मारहाणीचा विषय त्याच्या संमतीशिवाय पुढे नेऊ नये, असा माझा सल्ला राहील, कारण त्याचे परिणाम आपल्याला भोगायचे नसून त्याला भोगायचे आहेत. त्याच्याकडे पुन्हा जा, त्याला फेरीवाल्यांच्या कायद्याविषयी सांगा, आणि अंगावर वळ असतील तर सयाजी रुग्णालयात तपासणी करून वैद्यकीय नोंद करून घेण्यास सुचवा. ती नोंद झाली म्हणजे लगेच तक्रार केलीच पाहिजे असे नाही. ती जपून राहते आणि पुढे कामी येते.

भाच्याची स्वतःची तक्रार मात्र वेगळी आहे. मोबाईल बळाने घेणे आणि पुरावा पुसणे हे त्याच्याबाबत घडले आहे, आणि त्यासाठी त्याला कोणाच्या संमतीची गरज नाही. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तो टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येतो, आणि तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५ खाली जाता येते. लोकसेवकाविरुद्ध तक्रार असेल तर आदेश देण्यापूर्वी दंडाधिकारी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतात आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे विचारात घेतात, त्यामुळे थोडा वेळ लागेल, याची तयारी ठेवावी. कर्तव्याच्या संदर्भात घडलेल्या कृत्यासाठी खटल्याला शासनाची मंजुरी लागू शकते. नव्या संहितेने एक सुधारणा केली आहे, ती अशी की १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे मानले जाते. अर्ज गुजरातीत लिहावा, त्यात वेळ, जागा, दोन्ही कर्मचाऱ्यांच्या छातीवरील नावपट्टी दिसली असल्यास ते नाव आणि व्हिडिओचा हॅश लिहावा. पोलिसांनी जवाब घेतला तर तो वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

वार्ताहराला आत्ताच व्हिडिओ देऊ नये. तक्रार नोंदली जाऊन पोच हातात आल्यावर तो द्यायचा की नाही हे ठरवावे, आणि दिलाच तर लारीवाल्याचा चेहरा झाकलेली प्रत द्यावी, मूळ फाईल आपल्याकडेच राहू द्यावी. चित्रणात अल्पवयीन मूल दिसत असेल तर त्याचा चेहराही झाकावा.

बंधूंना सांगावे की पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६ मध्ये अर्जदाराविरुद्ध फौजदारी न्यायालयात प्रलंबित असलेल्या कार्यवाहीचा उल्लेख आहे. आपला भाचा तक्रारदार आहे, आरोपी नाही, आणि तक्रारदार असल्यामुळे पासपोर्ट अडत नाही. उद्या सूडबुद्धीने त्याच्यावर गुन्हा नोंदवला गेलाच, तर त्याआधीच्या तारखेची पोच असलेला त्याचा अर्ज हा त्याचा सर्वांत भक्कम बचाव ठरेल, म्हणून थांबण्यापेक्षा आधी अर्ज देणे त्याच्याच हिताचे आहे. आपली हरकत नसेल तर मला येथेच खाजगी संदेश पाठवावा, अर्जाचा मसुदा मी तपासून देईन.